तिसऱ्या आळीतील पाठवणी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जपानी दिग्दर्शक ताकाशी यामाझाकी यांच्या कामाची ओळख करून देणारा लेख प्रसिद्ध झाला, तो मी लक्षपूर्वक वाचला. त्यांच्या ‘गॉडझिला मायनस वन’ या चित्रपटाला मार्च २०२४ मध्ये दृश्य-परिणामांचे ऑस्कर मिळाले, तेव्हापासून आपल्याकडे त्यांच्याविषयी कुतूहल वाढले आहे आणि लेखकाने त्या निमित्ताने त्यांच्या जुन्या ‘ऑल्वेज’ चित्रपट-मालिकेकडे वाचकांचे लक्ष वेधले, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. मात्र त्या मालिकेतील तिसऱ्या आणि अखेरच्या चित्रपटाची त्यांनी दोन वाक्यांत बोळवण केली. तो पहिल्याचीच पुनरावृत्ती आहे, प्रेक्षकाला रडवण्यापलीकडे त्याला काही साधायचे नाही आणि त्यामुळे मालिकेचा शेवट समाधान देत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. हे मत मला मान्य नाही. ते का मान्य नाही, हे थोडे विस्ताराने लिहिण्याची परवानगी द्यावी.

मी माध्यमिक शाळेत तीस वर्षे मराठी शिकवले आणि निवृत्तीनंतर पुण्यात जपानी भाषेच्या वर्गाला जाऊ लागले. पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची परंपरा मोठी आहे. माझ्या वर्गात माझ्या नातवंडांच्या वयाची मुले होती आणि त्यांच्या जोडीने मी ‘हिरागाना’ ही जपानी अक्षरे गिरवत होते. याच वर्गात आमच्या शिक्षिकेने आम्हाला मालिकेतील पहिला चित्रपट दाखवला. त्यानंतर तिन्ही चित्रपट मी अनेकदा पाहिले आहेत, आणि सर्वांत जास्त वेळा पाहिला आहे तो तिसराच. तेव्हा हे पत्र जाणकार समीक्षकाचे नसले, तरी वरवर पाहून लिहिलेले नाही.

ज्यांनी हे चित्रपट पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी सांगणे भाग आहे. र्‍योहेई साइगान यांची ‘सानचोमे नो यूही’ ही चित्रकथा १९७४ पासून एका जपानी नियतकालिकात क्रमशः प्रसिद्ध होत आली. ‘सानचोमे’ म्हणजे वस्तीचा तिसरा भाग आणि ‘यूही’ म्हणजे मावळता सूर्य. मला विचाराल तर ‘तिसऱ्या आळीतील मावळतीचे ऊन’ असे मी त्याचे मराठी करीन, कारण ‘आळी’ या शब्दात शेजारधर्माची जी ऊब आहे तीच या कथेचा प्राण आहे. या चित्रकथेवरून यामाझाकी यांनी तीन चित्रपट केले. पहिला २००५ च्या नोव्हेंबरमध्ये आला आणि त्यात १९५८ सालचे टोकियो आहे. दुसरा २००७ मध्ये आला आणि त्याची कथा १९५९ मध्ये घडते. तिसरा जानेवारी २०१२ मध्ये आला आणि तो आपल्याला थेट १९६४ च्या ऑलिंपिकच्या वर्षात नेतो. पहिल्या चित्रपटाला जपान अकादमीची बारा पारितोषिके मिळाली, यावरून त्याने त्या देशाला किती हलवले असेल याची कल्पना येईल.

आळीत समोरासमोर दोन घरे आहेत. एका बाजूला ‘सुझुकी ऑटो’ हे मोटारदुरुस्तीचे छोटेसे गॅरेज. त्याचे मालक सुझुकी तापट स्वभावाचे पण मनाने निर्मळ, त्यांच्या पत्नी तोमोए समंजस, आणि मुलगा इप्पेई हूड. समोर चागावा र्‍यूनोसुके नावाचा एक अपयशी लेखक मुलांच्या गोळ्या-बिस्किटांचे दुकान चालवतो. थोर लेखक अकुतागावा र्‍यूनोसुके यांच्या नावाशी खेळ करून हे नाव ठेवलेले आहे. अकुतागावा यांच्या नावे जपानमध्ये १९३५ पासून साहित्याचे सर्वांत मानाचे पारितोषिक दिले जाते आणि आपल्या या चागावाला आयुष्यभर तेच हवे आहे. पोटासाठी तो मुलांच्या मासिकात साहसकथा लिहितो. शेजारी त्याला ‘बुंगाकु’, म्हणजे ‘साहित्य’, अशी हाक मारतात, आणि त्या हाकेत चेष्टा व माया दोन्ही आहेत.

या दोन घरांत दोन परकी मुले येतात. आओमोरीसारख्या दूरच्या उत्तरेकडील प्रांतातून मुत्सुको नावाची मुलगी नोकरीसाठी येते. त्या काळी शाळा संपवलेल्या पंधरा वर्षांच्या मुलामुलींना गावोगावहून एकत्र गाडीत बसवून टोकियोच्या उएनो स्थानकात आणले जाई आणि त्यांना ‘सोन्याची अंडी’ म्हटले जाई. जपानच्या औद्योगिक भरभराटीच्या पायात या मुलांचे बालपण गाडले गेले आहे. मुत्सुकोला वाटते आपण मोठ्या मोटार कारखान्यात चाललो आहोत, आणि समोर येते ते पत्र्याचे गॅरेज. आळीतले लोक तिला ‘रोकु-चान’ म्हणू लागतात, कारण तिच्या नावातील ‘सहा’ या अक्षराचा दुसरा उच्चार ‘रोकु’ असा होतो. दुसरे मूल म्हणजे जुन्नोसुके. त्याच्या आईने त्याला सोडून दिले आहे. हिरोमी नावाची मद्यगृह चालवणारी तरुणी झिंगलेल्या चागावाच्या गळ्यात त्याला अडकवते, आणि सकाळी शुद्धीवर आल्यावर चागावाला कळते की आपण एका मुलाचे पालक झालो आहोत. पुढे उलगडते की हा मुलगा चागावाच्या साहसकथांचा निस्सीम वाचक आहे आणि स्वतःही वहीत कथा लिहितो. चागावा त्याची कथा चोरून स्वतःच्या नावाने छापतो; ते कळल्यावर मुलाच्या डोळ्यांत पाणी येते, पण ते आपली कथा छापली गेली या आनंदाचे असते. लेखनावरच्या प्रेमाचे इतके निरागस चित्र मी अन्यत्र क्वचितच पाहिले आहे.

या चित्रपटांवर स्मरणरंजनाचा आरोप नेहमी होतो. त्यात तथ्य आहे, पण ते पूर्ण सत्य नाही. यामाझाकी यांचा जन्म १९६४ सालचा, म्हणजे तिसऱ्या चित्रपटाची कथा ज्या वर्षी घडते त्याच वर्षाचा. १९५८ चे टोकियो त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले नाही. ट्रामच्या तारा, मातीचे रस्ते, अर्धवट उभा असलेला टोकियो टॉवर, हे सर्व त्यांनी छायाचित्रांवरून, लघुप्रतिकृतींवरून आणि संगणकाच्या साहाय्याने उभे केले. ३३३ मीटर उंचीचा हा मनोरा त्या वर्षाच्या डिसेंबरात पुरा झाला, आणि त्याच्या वरच्या भागातील काही पोलाद कोरियाच्या युद्धात निकामी झालेल्या अमेरिकी रणगाड्यांचे होते. पहिल्या चित्रपटात हा मनोरा दर ऋतूला थोडा थोडा वर चढताना दिसतो. आळीतल्या लोकांना तो आपलाच वाटतो, जणू घरातले मूल उंच होत आहे.

पहिल्या चित्रपटातील सुखात दुःखाची एक बारीक शीर सतत वाहते आहे, हे लक्षात घेतल्याशिवाय तिसऱ्याचे मोल कळणार नाही. सुझुकींच्या घरी दूरचित्रवाणी संच येतो तेव्हा रिकिदोझान या मल्लाची कुस्ती पाहायला सारी आळी लोटते. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झाल्यानंतर ज्यांनी शेजाऱ्याच्या घरी दाटीवाटीने बसून पडदा पाहिला आहे, त्यांना हा प्रसंग समजावून सांगायला नको. पण त्याच घरी पुढे विजेवर चालणारा फ्रिज येतो आणि जुनी बर्फाची पेटी रस्त्यावर जाते. बर्फ विकणारा माणूस तिथे येतो, त्या टाकलेल्या पेटीकडे पाहत उभा राहतो, आणि कोणी त्याच्याशी एक शब्दही बोलत नाही. काही क्षणांचाच हा प्रसंग आहे. आळीतले डॉक्टर ताकुमा एका रात्री भाजलेल्या कोंबडीचे तुकडे घेऊन घरी जातात, पत्नी आणि लहान मुलगी हसत सामोऱ्या येतात. आणि मग ते उघड्या माळावर जागे होतात, कारण त्या दोघी युद्धातील हवाई हल्ल्यात केव्हाच गेल्या आहेत. ज्या चित्रपटात हे दोन प्रसंग आहेत त्याला निव्वळ गोड आठवणींचा खाऊ म्हणणे अन्यायाचे होईल.

आणि तो अंगठीचा प्रसंग. हिरोमी कर्जात बुडालेली आहे. चागावा तिला लग्नाची मागणी घालतो, पण त्याच्याकडचे पैसे अंगठीच्या डबीपुरतेच पुरले आहेत, आत अंगठी नाही. ती म्हणते, घाला मला ती. तो नसलेली अंगठी तिच्या बोटात सरकवतो आणि ती हात दिव्याच्या उजेडात धरून पाहत राहते. दुसऱ्या दिवशी ती आळी सोडून गेलेली असते. हा प्रसंग आमच्या वर्गात लागला तेव्हा विशीतली मुलेसुद्धा गप्प झाली होती.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. पहिल्या चित्रपटाच्या शेवटाकडे मुत्सुको नववर्षासाठी गावी जायला नकार देते, कारण आईने आपल्याला घरातील एक खाणारे तोंड कमी करण्यासाठी पाठवून दिले, असे तिच्या मनाने घेतले आहे. तेव्हा तोमोए तिच्यासमोर पत्रांचा गठ्ठा ठेवतात. ती पत्रे मुत्सुकोच्या आईची आहेत, दर महिन्याला आलेली. मुलीला घरची ओढ लागून तिने नोकरी सोडू नये म्हणून ती तिला दाखवू नका, असे आईनेच कळवलेले असते. प्रेम असूनही ते कठोरपणाआड लपवायचे, ही या मालिकेची मूळ गाठ आहे. दुसरीकडे जुन्नोसुकेचा श्रीमंत बाप त्याला घेऊन जातो, आणि मुलगा पळत परत येतो. चागावा त्याला ढकलतो, ओरडतो, आपला काही संबंध नाही म्हणतो, आणि अखेर मिठीत घेतो. पहिला चित्रपट परत येण्याच्या सुखावर संपतो.

दुसऱ्याविषयी फारसे लिहिण्याजोगे नाही. सुरुवातीला गॉडझिला आळीवर चालून येतो आणि तो चागावाच्या कल्पनेतला निघतो. सोळा वर्षांनी ऑस्कर मिळवणाऱ्या कामाचे बीज इथे आहे, आणि चागावाची भूमिका करणारे हिदेताका योशिओकाच त्या पुढच्या चित्रपटातही आहेत. चागावा अकुतागावा पारितोषिकासाठी कादंबरी लिहितो, ते त्याला मिळत नाही, पण ती कादंबरी वाचून हिरोमी परत येते. सुझुकींना युद्धात मेलेला सोबती एका रात्री भेटायला येतो, हा त्यातील सर्वांत हृद्य भाग. एवढे सोडले तर दुसरा चित्रपट पहिल्याने सोडलेली टोके बांधण्यात गुंतला आहे, आणि पुनरावृत्तीचा आक्षेप घ्यायचाच असेल तर तो त्याच्यावर घ्यावा.

तिसऱ्या चित्रपटात पाच वर्षे उलटली आहेत. सुझुकींकडे रंगीत दूरचित्रवाणी संच आला आहे, गॅरेज वाढले आहे, इप्पेईला विजेच्या गिटारचे वेड लागले आहे. चागावा आणि हिरोमी यांचे लग्न झाले आहे आणि हिरोमीला दिवस गेले आहेत. जुन्नोसुके आता उच्च माध्यमिक शाळेत शिकतो; त्याने टोकियो विद्यापीठात जावे, चांगली नोकरी धरावी आणि लेखनाच्या नादी लागून आपल्यासारखे हाल काढू नयेत, असे चागावाला वाटते. दरम्यान चागावा ज्या मासिकात लिहितो त्यात मिदोरिनुमा आकिरा नावाच्या एका नव्या लेखकाची कथा वाचकांना इतकी आवडते की चागावाची जागाच धोक्यात येते. हा नवा लेखक जुन्नोसुकेच आहे, हे प्रेक्षकाला चागावाच्या आधी उमगते.

याच सुमारास चागावाच्या गावाहून वडील अत्यवस्थ असल्याची बातमी येते. लेखक होण्याच्या हट्टापायी वडिलांनी त्याला घराबाहेर काढले होते आणि नाते तोडले होते. तो जातो, तर मरणाच्या दारातही म्हातारा त्याच्याशी कडवटपणेच बोलतो. वडील गेल्यानंतर चागावाला त्यांच्या खोलीत त्याच्या कथा ज्या मासिकात छापून येत त्याचे अंक सापडतात, ओळीने जपून ठेवलेले, आणि त्यांत वडिलांनी वाचून लिहून ठेवलेले अभिप्रायाचे कागद. मागे फिरायला घर उरले नाही तरच मुलगा जिद्दीने लिहील, म्हणून बापाने दार बंद केले होते. दाराच्या आतल्या बाजूला बसून तो प्रत्येक ओळ वाचत होता.

आपल्या लेखकांना इथे मुत्सुकोच्या आईच्या पत्रांची आठवण झाली असावी आणि त्यांनी पुनरावृत्तीचा शिक्का मारला असावा. गाठ तीच आहे, हे मी नाकारीत नाही. पण पहिल्या चित्रपटात पत्रे मिळतात ती मुलाच्या भूमिकेतल्या व्यक्तीला, आणि मिळाल्यावर ती धावत आईकडे जाऊ शकते. इथे कागद मिळतात ते बाप गेल्यानंतर. ज्याला मिळतात तो स्वतः आता बापाच्या जागी उभा आहे, आणि त्याला त्याच क्षणी ठरवायचे आहे की समोरच्या मुलाचे काय करायचे. चागावा परत येतो आणि जुन्नोसुकेला घराबाहेर काढतो. तू माझा कोणी नाहीस, असे पहिल्या चित्रपटात तो ज्या सुरात ओरडला होता तोच सूर पुन्हा ऐकू येतो. फरक एवढाच की तेव्हा तो स्वतःची भीती लपवत होता आणि आता तो आपले प्रेम लपवतो आहे; आणि तेव्हा न समजणारा मुलगा आता सगळे समजतो, वाकून नमस्कार करतो आणि जातो. जो मुलगा पळत परत आला होता तोच मुलगा आता परत न येण्यासाठी निघतो. याला पुनरावृत्ती म्हणायचे असेल तर कवितेच्या शेवटच्या कडव्यात येणाऱ्या ध्रुवपदालाही पुनरावृत्ती म्हणावे लागेल. शब्द तेच असतात, पण मधल्या कडव्यांनी त्यांना निराळा अर्थ दिलेला असतो.

मराठीत या प्रसंगासाठी एक नेमका शब्द आहे, आणि तो म्हणजे पाठवणी. तो आपण मुलीच्या लग्नापुरता वापरतो. या चित्रपटात तीही पाठवणी आहेच. मुत्सुकोचा किकुची नावाच्या तरुण डॉक्टरवर जीव जडतो, त्याच्याविषयी उलटसुलट ऐकून सुझुकी संतापतात, शेवटी लग्न ठरते आणि ती सुझुकींच्याच घरातून नवरी होऊन निघते. गॅरेजमध्ये कामाला आलेली पोर कन्येच्या नात्याने निरोप घेते, आणि सुझुकींना बोलणे सुचत नाही. समोरच्या घरातून मुलगा जातो, या घरातून मुलगी जाते, आणि दोघेही रक्ताच्या नात्याचे नाहीत. आळीच्या दोन्ही बाजूंना एकाच हंगामात दोन पाठवण्या होतात. ही रचना मला अतिशय विचारपूर्वक केलेली वाटते आणि मालिकेचा शेवट समाधान देतो तो या कारणाने. मालिकेच्या नावात ‘नेहमी’ आहे. सारे असेच राहील असे आश्वासन पहिल्या चित्रपटाने दिले होते, पन्नास वर्षांनीही हा सूर्यास्त असाच सुंदर असेल असे त्यातले माणूस म्हणते. तिसऱ्याने त्या आश्वासनाची जबाबदारी घेतली. घर नेहमीसाठी राहायचे तर त्यातून मुलांना जाऊ द्यावे लागते, आणि आळीतल्या मोठ्या माणसांना ते जमले.

इथे आणखी एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. मूळ चित्रकथेत काळ पुढे सरकत नाही. वर्षानुवर्षे तीच माणसे त्याच दशकात त्याच वयाची राहतात, आणि वाचकाला हवे तेव्हा तिथे परतता येते. चित्रपटाला हे शक्य नव्हते, कारण मुले खरोखर वाढत होती. जुन्नोसुकेची भूमिका करणारा केंता सुगा १९९४ चा. पहिला चित्रपट आला तेव्हा तो अकरा वर्षांचा होता आणि तिसरा आला तेव्हा सतरा. कथेतील काळ आणि पडद्याबाहेरचा काळ जवळजवळ बरोबरीने चालला. दिग्दर्शकाला नवे बालकलाकार आणून १९५९ मध्येच रेंगाळता आले असते आणि प्रेक्षकांनी ते आनंदाने पाहिलेही असते. त्याऐवजी त्याने तीच मुले घेतली आणि त्यांच्या फुटलेल्या आवाजाला कथेत जागा दिली. मुत्सुको झालेल्या माकी होरिकिता यांनी २०१७ मध्ये अभिनय सोडला, त्यामुळे ती आळी आता पुन्हा भरणे नाही.

तिसऱ्या चित्रपटात दोष नाहीत असे माझे म्हणणे नाही, आणि आपल्या लेखकांनी ते दाखवले असते तर मी पत्र लिहायला बसले नसते. किकुचीचे प्रकरण मला कच्चे वाटते. तो भला आहे हे आपल्याला दिसण्याऐवजी दुसऱ्याच्या तोंडून सांगितले जाते, आणि एवढ्या गुणी मुलीच्या आयुष्याचा निर्णय इतक्या सोयीने सुटावा हे बरोबर नाही. पार्श्वसंगीत जिथे थांबायला हवे तिथे थांबत नाही. म्हाताऱ्याच्या खोलीत तर एकही सूर नको होता. चित्रपट त्रिमितीत काढण्याची गरजही मला कळलेली नाही.

याहून गंभीर आक्षेप इतिहासाचा आहे. मालिका १९५९ वरून १९६४ वर उडी मारते आणि मधले १९६० साल तिच्या पायाखालून निघून जाते. त्या वर्षी अमेरिकेबरोबरच्या सुरक्षा कराराविरुद्ध टोकियोत संसदेभोवती प्रचंड निदर्शने झाली, जूनमध्ये त्यात एका विद्यार्थिनीचा मृत्यू झाला, पंतप्रधान किशी यांना पायउतार व्हावे लागले. दक्षिणेत मिइकेच्या कोळसा खाणीत कामगारांचा दीर्घ संप चालला. मिनामाताचा विषारी पाऱ्याचा आजार तर १९५६ मध्येच नोंदला गेला होता. ज्या भरभराटीने सुझुकींच्या घरी रंगीत संच आणला तिची ही किंमत होती. पहिल्या चित्रपटात तो बर्फवाला होता. तिसऱ्यात त्याच्या जागी कोणी नाही, आणि ती जागा रिकामी राहिल्याचे मला दर वेळी जाणवते. दुसऱ्या चित्रपटात टोकियोतील निहोनबाशीचा जुना दगडी पूल मोकळ्या आकाशाखाली दाखवला होता. ऑलिंपिकच्या तयारीत १९६३ मध्ये त्याच्या डोक्यावरून द्रुतगती मार्ग गेला आणि त्याचे आकाश झाकले गेले. तो मार्ग भुयारात नेण्याचे काम आता इतक्या वर्षांनी हाती घेतले आहे. त्या झाकलेल्या पुलावर तिसऱ्या चित्रपटाने दोन मिनिटे घालवली असती तर तो अधिक प्रामाणिक झाला असता.

तरीही एका प्रसंगात हा चित्रपट त्या उत्सवी वर्षाकडे ज्या नजरेने पाहतो ती मला पटते. १० ऑक्टोबर १९६४. सुझुकींच्या घरी सारी आळी रंगीत संचासमोर जमली आहे आणि उद्घाटनाचा सोहळा चालू आहे. तेवढ्यात हवाई दलाची पाच विमाने आकाशात धुराने पाच वर्तुळे काढतात, आणि लोकांच्या लक्षात येते की हे तर आपल्या डोक्यावरच घडते आहे. सगळेजण संच सोडून रस्त्यावर धावतात आणि माना वर करून पाहतात. आदल्या चित्रपटांत आळीला एकत्र बांधणारा तो संच क्षणभर रिकाम्या खोलीत चालू राहतो. ती वर्तुळे विरायला लागलेली असतात तेव्हाही माणसे आत जात नाहीत.

मी साताऱ्याजवळच्या एका गावातून शिक्षणासाठी पुण्याला निघाले, तेव्हा माझे वडील एसटी थांब्यावर आले नाहीत. मळ्यात काम आहे, एवढेच म्हणाले. मला ते फार लागले होते. पुष्कळ वर्षांनी आईने सांगितले की त्या दिवशी ते मळ्यात नव्हतेच. गाडी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत ते देवळामागे उभे होते. हे सांगण्याचे कारण असे की आपल्या लेखकांना जो प्रसंग अश्रू काढण्याची युक्ती वाटला, तो माझ्यासारख्या अनेकींच्या घरात घडून गेलेला आहे, आणि तो जपानी कुटुंबात तितकाच खरा असेल यावर माझा विश्वास आहे.

शेवटी एक विनंती. आपल्याकडील चित्रपट मंडळे जपानी चित्रपटांचे खेळ लावतात आणि कधीतरी मराठी उपशीर्षकांचाही विचार होईल, अशी मला आशा आहे. तसे झाले तर पहिला आणि तिसरा चित्रपट लागोपाठच्या दिवशी दाखवावेत, मधल्याचा सारांश छापील पत्रकात दिला तरी चालेल. आणि भाषांतर करणाराने एका जागी सावध राहावे. पहिल्या चित्रपटात चागावा जुन्नोसुकेला ‘आका नो तानिन’ म्हणतो. ‘आका’ म्हणजे लाल, ‘तानिन’ म्हणजे परका माणूस. पण इथे ‘लाल’ म्हणजे ‘पुरता’, ‘निखालस’. जपानी शिकणारा नवखा विद्यार्थी इथे हमखास अडखळतो, मीही अडखळले होते. त्यासाठी मराठीत ‘ना नात्याचा ना गोत्याचा’ हे शब्द तयार आहेत. जे शब्द पहिल्या चित्रपटात वापरले जातील तेच तिसऱ्यात त्या मुलाला घराबाहेर काढतानाही वापरावेत, त्यांना मऊ करू नये.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका,
पुणे